हार्टमन यांनी न जोडलेले आतडे

मध्यरात्र उलटून गेल्यावर पोट धरून एखादा रुग्ण रुग्णालयात येतो. सीटी स्कॅन सांगतो की मोठे आतडे डाव्या बाजूला फुटले आहे आणि घाण पोटभर पसरली आहे. रक्तदाब खाली चाललेला असतो. नातेवाइकांना बाहेर थांबवून संमतीपत्रावर सह्या घेतल्या जातात आणि शस्त्रक्रियागृहाच्या फळ्यावर एक आडनाव लिहिले जाते : हार्टमन. रुग्णाचे नव्हे, शस्त्रक्रियेचे. शंभर वर्षांपूर्वी एका फ्रेंच सर्जनने केलेल्या या शस्त्रक्रियेने जगभर असंख्य जीव वाचवले. शुद्धीवर आल्यावर मात्र रुग्णाला पोटावर चिकटवलेली पिशवी दिसते आणि तो पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की ही पिशवी जाणार कधी? गंमत अशी की ज्यांच्या नावाची ही शस्त्रक्रिया, त्यांच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पिशवी जायची असते, हे त्यांच्या योजनेतच नव्हते.

आंरी हार्टमन यांचा जन्म १८६० साली पॅरिसमधला. ते सात वर्षांचे असताना ब्रिटनमध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल वापरून जखमा पू न होता भरतात, हे प्रसिद्ध केले. म्हणजे हार्टमन वैद्यकशास्त्र शिकू लागले तेव्हा शस्त्रक्रियेचे जग नुकते कूस बदलत होते. ईथर आणि क्लोरोफॉर्मने वेदना आधीच हटवल्या होत्या, आता जंतूंचीही ओळख पटली होती. पोट उघडणे म्हणजे मरण, हे समीकरण हळूहळू मोडू लागले होते. पॅरिसच्या बिशा रुग्णालयात फेलिक्स तेरिए नावाचे सर्जन हे नवे शास्त्र कसोशीने पाळत. उपकरणे उकळणे, हात घासणे, जखमेला शक्य तितके कमी शिवणे, याबाबत ते फ्रान्समध्ये आघाडीवर होते. तरुण हार्टमन त्यांच्या हाताखाली तयार झाले. पुढे गुरू-शिष्यांनी मिळून जठराच्या शस्त्रक्रियांवर ग्रंथ लिहिला, तो १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याआधीच, १८९१ मध्ये, पित्ताशयाच्या मानेजवळच्या एका छोट्या फुगवट्याचे वर्णन त्यांनी केले होते. खडे अडकण्याची ही आवडती जागा. तिला आजही हार्टमनचा कप्पा म्हणतात. आज दुर्बिणीतून पित्ताशय काढताना सर्जन चिमट्याने ज्या ठिकाणी पकडून ओढतो, ती जागा हीच. थोडा खुलासा इथेच केलेला बरा : रुग्णालयात शिरेतून दिल्या जाणाऱ्या एका सलाइनलाही हार्टमनचे नाव आहे, पण ते अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ अॅलेक्सिस हार्टमन. दोघांचा काहीही संबंध नाही. शिकाऊ डॉक्टरांचा मात्र हमखास गोंधळ होतो.

लारिब्वाझिएर रुग्णालयात आणि पुढे ओतेल-द्यू या पॅरिसच्या सर्वांत जुन्या रुग्णालयात हार्टमन यांची कारकीर्द बहरली. ओतेल-द्यू म्हणजे नोत्र-दाम चर्चला लागून असलेले रुग्णालय. तिथे ते शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. जठर, पित्ताशय, गुदाशय, स्त्रियांचे विकार अशा अनेक विषयांवर त्यांनी लिहिले. त्यांच्या हातचलाखीच्या दंतकथा फारशा नाहीत. त्या काळातल्या काही सर्जनांसारखे ते शस्त्रक्रियागृहाचे रंगमंच करणाऱ्यांतले नसावेत. त्यांची ओळख वेगळ्याच सवयीने झाली. ते नोंदी ठेवत. काय केले, काय सापडले, रुग्णाचे पुढे काय झाले, असे प्रत्येक शस्त्रक्रियेबाबत लिहून ठेवत. वर्षाला हजाराच्या आसपास शस्त्रक्रिया त्यांच्या देखरेखीखाली होत आणि अशा सुमारे ३०,००० शस्त्रक्रियांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. आपल्या हातून दगावलेल्या रुग्णांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडणे ही आजही सोपी गोष्ट नाही. आणि हाच हिशेब त्यांना त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध शस्त्रक्रियेकडे घेऊन गेला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग म्हणजे जवळपास फाशीची शिक्षा होती. १९०८ मध्ये लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी एक मोठी शस्त्रक्रिया मांडली. पोटातून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी जाऊन गुदाशय, गुदद्वार सगळे काढून टाकायचे आणि आतड्याचे वरचे तोंड कायमचे पोटावर आणायचे. रोगाच्या दृष्टीने विचार पक्का होता. पण रक्तपेढ्या नव्हत्या, प्रतिजैविके नव्हती, अतिदक्षता विभाग नव्हते. अशक्त, आतडे तुंबलेला रुग्ण इतकी मोठी शस्त्रक्रिया सोसू शकत नसे. अनेक जण टेबलावर नाही तर पुढच्या काही दिवसांत दगावत.

मग रोगट तुकडा तेवढा काढून दोन टोके जोडून का टाकायची नाहीत? आज वाचणाऱ्याला हा साधा प्रश्न पडेल. अडचण अशी, की तुंबलेले आतडे मळाने भरलेले, फुगलेले आणि भिंतीने कमकुवत झालेले असते. तिथे घातलेला टाका ओल्या कागदात घातल्यासारखा फाटतो. जोड सुटला की मळ पोटात पसरतो. १९२१ मध्ये याला उपाय नव्हता. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचायला अजून वीस वर्षे होती.

त्या वर्षी फ्रेंच सर्जनांच्या तिसाव्या परिषदेत हार्टमन यांनी दोन रुग्णांची हकिगत सांगितली. दोघांचेही आतडे कर्करोगाने तुंबले होते, डाव्या बाजूच्या नागमोडी भागात, ज्याला सिग्मॉइड म्हणतात. हार्टमन यांनी गाठ असलेला भाग पोटातूनच काढला. खाली उरलेल्या गुदाशयाचे तोंड शिवून तो आतच ठेवून दिला. वरचे टोक पोटाच्या डाव्या बाजूला त्वचेवर आणले. खालून काही कापले नाही आणि आत काही जोडले नाही. दोन्ही रुग्ण बरे झाले. सर्जनने काय करायचे टाळले, यातच या शस्त्रक्रियेचे सगळे मर्म होते. न जोडलेला जोड सुटत नाही.

दहा वर्षांनी, १९३१ मध्ये, त्यांनी गुदाशयाच्या शस्त्रक्रियांवर ग्रंथ लिहिला. त्यात या पद्धतीच्या ३४ शस्त्रक्रिया नोंदल्या आहेत आणि मृत्यू ३. त्या काळाच्या मानाने हा आकडा विलक्षण होता. नोंदवही ठेवणाऱ्या माणसाला तो आकडा दाखवता आला, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची.

पण त्या ३१ जणांच्या पुढच्या आयुष्याची कल्पना करून पाहा. आतड्याचे तोंड पोटावर आणण्याची कल्पना हार्टमन यांची नव्हती. फ्रान्समध्येच १७१० मध्ये अलेक्सी लित्र यांनी ती सुचवली होती आणि १७९३ मध्ये ब्रेस्त बंदरातले सर्जन द्युरे यांनी गुदद्वार नसलेल्या एका नवजात बाळावर ती करून दाखवली होती. ते बाळ मोठे झाले आणि चाळिशी ओलांडून जगले. पण या तोंडातून येणारा मळ कशात धरायचा, याचे चांगले उत्तर हार्टमन यांच्या रुग्णांकडेही नव्हते. कापडाच्या घड्या, कापूस, पट्ट्याने बांधलेल्या धातूच्या वाट्या, रबरी पिशव्या. वास लपत नसे, त्वचा सोलवटून निघे. चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी पिशवी १९५४ मध्ये डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेन्सन या परिचारिकेने सुचवली, तीही स्वतःच्या बहिणीची कोलोस्टॉमी झाल्यानंतर तिचे घराबाहेर पडणे बंद झाले म्हणून. हार्टमन तोवर गेलेले होते.

आपल्या रुग्णांची आतडी पुन्हा जोडण्याच्या भानगडीत हार्टमन पडले नाहीत. याला कोणी निष्ठुरपणा म्हणेल, पण मला त्यात हिशेबी समजूतदारपणा दिसतो. त्यांचे रुग्ण कर्करोगाचे होते. एकदा वाचलेल्या माणसाला पुन्हा टेबलावर घेऊन, ओटीपोटाच्या तळाशी, डोळ्यांना दिसेल न दिसेल अशा खोलीत गुदाशयाचा बुंधा शोधायचा आणि हाताने टाके घालून आतडे जोडायचे. ज्या जोडाची भीती म्हणून पहिली शस्त्रक्रिया निघाली, तोच धोका दुसऱ्या दाराने परत घ्यायचा. त्या काळी तो सौदा परवडणारा नव्हता.

खरे तर पोट न उघडता आत डोकावण्याची विद्या तेव्हाही अस्तित्वात होती. १९१० मध्येच स्टॉकहोमचे हान्स ख्रिस्तियान याकोबेउस यांनी माणसाच्या पोटात नळी घालून पाहिल्याचे प्रसिद्ध केले होते, म्हणजे हार्टमन यांच्या परिषदेतल्या त्या भाषणाआधी अकरा वर्षे. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३-४४ च्या सुमारास, खुद्द पॅरिसमध्ये राउल पाल्मेर हे स्त्रीरोगतज्ज्ञ पोटात वायू भरून दुर्बिणीने गर्भाशय आणि बीजांडकोश तपासू लागले होते. हार्टमन तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. शेवटी सगळे त्यांच्याच प्रश्नापाशी येऊन मिळणार होते, पण अजून अर्ध्या शतकाचा अवकाश होता. १ जानेवारी १९५२ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनाच्या आगेमागे त्यांच्या शस्त्रक्रियेचा अर्थच बदलला. १९५० मध्ये अमेरिकेतले सर्जन अॅलन बॉयडेन यांनी ती कर्करोगासाठी नव्हे, तर डायव्हर्टिक्युलायटिससाठी वापरावी असे मांडले. या आजारात आतड्याच्या भिंतीला आलेले छोटे फुगे सुजतात, कधी फुटतात. आजार जीवघेणा ठरू शकतो, पण कर्करोग नव्हे. बरा झालेला रुग्ण पुढे वर्षानुवर्षे जगणार असतो. मग आधी हार्टमन करून जीव वाचवायचा आणि काही महिन्यांनी आतडे परत जोडायचे, असा दोन टप्प्यांचा मार्ग निघाला. कायमची म्हणून जन्माला आलेली कोलोस्टॉमी अशी तात्पुरती झाली. आपल्याकडे आतड्याला पडलेला पीळ, अपघातातली किंवा भोसकल्याची जखम, अशा कारणांसाठीही ती करावी लागते.

जोडण्याचे काम सोपे केले ते एका यंत्राने. १९०८ मध्ये बुडापेस्टचे ह्युमेर ह्युल्ट्ल यांनी जठर शिवणारा पहिला स्टेपलर वापरला तेव्हा त्याचे वजन साडेतीन किलोच्या घरात होते. सोव्हिएत तंत्रज्ञांनी पुढे त्यात मोठी प्रगती केली. १९५८ मध्ये अमेरिकी सर्जन मार्क रॅविच तिकडच्या दौऱ्यावरून येताना एक स्टेपलर बरोबर घेऊन आले आणि त्यातून सत्तरच्या दशकाअखेर गोल स्टेपलर सर्वत्र मिळू लागला. लांब दांड्याचे हे उपकरण गुदद्वारातून आत सरकवायचे, वरच्या आतड्यात बसवलेली त्याची टोपी दांड्याला जोडायची आणि मूठ आवळायची. टाचण्यांच्या गोलाकार रांगा बसतात आणि मधली चकती कापली जाते. ओटीपोटाच्या तळाशी हाताने टाके घालण्याची कसरत संपली.

उरला होता तो पोटाचा लांब छेद. १९८५ मध्ये जर्मनीत एरिश म्यूए आणि १९८७ मध्ये फ्रान्सच्या लिओं शहरात फिलिप मूरे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया भारतात आणली. तेव्हा अनेक ज्येष्ठांना हा पोरखेळ वाटला होता. पण काही वर्षांतच दुर्बीण मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचली आणि १९९३ मध्ये हार्टमननंतरचे आतडे दुर्बिणीतून परत जोडल्याचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत दिसू लागले.

ही शस्त्रक्रिया प्रत्यक्षात कशी होते? तपासण्या आधी. पिशवीच्या तोंडातून आणि खालच्या बुंध्यातूनही दुर्बीण घालून दुसरी गाठ, अरुंदपणा वगैरे नाही ना, हे पाहिले जाते. भूल दिल्यावर पिशवीच्या जागेचे आतडे भोवतालच्या त्वचेपासून आणि स्नायूंपासून सोडवतात, त्यात स्टेपलरची टोपी बसवून टोक पोटात परत सोडतात. ती मोकळी झालेली वाट वाया जात नाही. तिथूनच एक नळी बसवता येते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरला जातो आणि अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरच्या आणखी दोन-तीन छिद्रांतून कॅमेरा व हत्यारे आत जातात. मग सुरू होते खरे काम. पहिल्या वेळच्या जंतुसंसर्गामुळे आतडी एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला चिकटलेली असतात. ती एकेक करून सोडवायची. डावी मूत्रवाहिनी ओळखून बाजूला ठेवायची. गुदाशयाचा बुंधा शोधायचा. वरचे आतडे ताण न पडता खाली पोहोचावे म्हणून प्लीहेजवळच्या वळणापर्यंत मोकळे करायचे. एवढे झाले की स्टेपलरने जोड द्यायला काही मिनिटे पुरतात. शेवटी ओटीपोटात पाणी भरून खालून हवा सोडतात. सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात, अगदी तसेच. बुडबुडे आले तर जोड गळतो आहे.

छेद लहान असल्याने दुखणे कमी, जखमेत पू होण्याचे आणि पुढे तिथे हर्निया होण्याचे प्रमाण कमी, घरी जाणे लवकर. अनेक अभ्यासांतून हे दिसते. इथे एक मेख आहे, ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. हे अभ्यास बहुतांशी झालेल्या शस्त्रक्रियांच्या नोंदींवर आधारलेले आहेत, आणि दुर्बिणीसाठी सर्जन साहजिकच त्यातल्या त्यात सोपे रुग्ण निवडतात. त्यामुळे जाहिरातीत दिसतो तेवढा फरक प्रत्येकाच्या वाट्याला येईलच असे नाही. चिकटलेली आतडी फारच घट्ट असतील तर दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया मोठा छेद घेऊन पूर्ण करावी लागते. ते अपयश नव्हे. आतड्याला भोक पाडून दुर्बिणीचा हट्ट धरणे हे अपयश.

आणि दुसरी गोष्ट, जी पहिल्या शस्त्रक्रियेच्या धावपळीत कोणी नीट सांगत नाही. तात्पुरती म्हटलेली पिशवी सगळ्यांचीच जात नाही. हार्टमन झालेल्यांपैकी बराच मोठा वाटा पुन्हा जोडणीपर्यंत पोहोचतच नाही. कोणाचे वय, कोणाचे हृदय आड येते, कोणाचा कर्करोग परततो, आणि कोणी पिशवीसह इतके छान रुळलेले असते की पुन्हा टेबलावर जायला नको वाटते. हा शेवटचा निर्णयही पूर्णपणे शहाणा असू शकतो. म्हणूनच आता शक्य असेल तिथे पहिल्याच वेळी आतडे जोडून, जोडाच्या रक्षणासाठी फक्त लहान आतड्याचे तोंड तात्पुरते बाहेर काढण्याकडे कल वाढतो आहे. ते परत आत घेणे तुलनेने सोपे असते. रुग्ण अत्यवस्थ असेल तेव्हा मात्र सर्जन आजही शंभर वर्षांपूर्वीच्या त्या वाटेने जातात.

ज्यांना जोडणी करून घ्यायची आहे, त्यांना साधारण तीन ते सहा महिने थांबायला सांगतात. सूज उतरावी, चिकटलेली आतडी मऊ व्हावीत, वजन आणि हिमोग्लोबिन भरून यावे यासाठी हा वेळ असतो. केमोथेरपी असेल तर आणखी थांबावे लागते. तंबाखू आणि विडी-सिगारेट या काळात सोडलीच पाहिजे, कारण धूम्रपानाने जोडाकडचा रक्तपुरवठा आटतो. मधुमेह आटोक्यात हवा. या महिन्यांत खालच्या वाटेने कधी शेंबडासारखा स्राव जातो आणि घरचे घाबरतात. वापरात नसलेला गुदाशयही बुळबुळीत द्रव तयार करत राहतो, तो असा बाहेर पडतो. रक्त पडले तर मात्र दाखवावे. जोडणीनंतर पहिले काही आठवडे दिवसातून अनेकदा शौचाला जावे लागते, घाई होते. गुदाशय आपले विसरलेले काम पुन्हा शिकत असतो. जोड गळण्याचा धोका कमी झाला आहे, संपलेला नाही, आणि तो गळला तर पिशवी परत येऊ शकते. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ही शक्यता स्पष्ट विचारून घ्यावी. आपल्या सर्जनने दुर्बिणीतून किती वेळा जोडणी केली आहे, हेही विचारायला संकोच नको.

दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी रुग्ण येतो तेव्हा सर्जन सर्वांत आधी एक कागद मागतो : पहिल्या शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद. आतडे कुठे कापले, बुंधा किती उरला, तो टाक्यांनी बंद केला की स्टेपलरने, पुढे सापडावा म्हणून त्यावर निळ्या धाग्याची लांब शेपटी ठेवली आहे का, किती घाण होती, गाठीचा अहवाल काय. यावर दुसऱ्या वेळचे तास वाचतात, कधी कधी मूत्रवाहिनीही वाचते. पुष्कळदा रुग्णाकडे असतो तो फक्त अर्ध्या पानाचा डिस्चार्ज कागद, ज्यावर निदानाखाली एवढेच लिहिलेले असते, की हार्टमन केले. पहिले रुग्णालय सोडतानाच शस्त्रक्रियेच्या त्या संपूर्ण नोंदीची प्रत मागून घ्यावी आणि फाइलमध्ये वरच लावून ठेवावी.